फ्रेमबाहेरची दोन पावलं

१

वरून माणसाचा चेहरा दिसत नाही. या धंद्यात पडल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. ड्रोनचा कॅमेरा सरळ खाली रोखला की माणूस म्हणजे एक टाळू, दोन खांदे आणि आलटून पालटून पुढे येणारी बुटांची टोकं. कितीही मोठा साहेब असला तरी वरून तो एवढाच. चेहरा फक्त त्याचा दिसतो, जो मान वर करून ड्रोनकडेच बघत असतो. माझ्या कामात असा माणूस एकच होता, माझा दादा.

आमचं काम मोठ्या इमारतींची छतं तपासायचं. गोदामं, कारखाने, शीतगृहं. तडा कुठे गेलाय, पाणी कुठे मुरतंय, हे वरून चित्रित करून मालकाच्या हातात द्यायचं. मी ड्रोन उडवायचो आणि नजर पडद्यावर ठेवायचो. दादा स्पॉटर होता. स्पॉटरनं पडद्याकडे ढुंकूनही बघायचं नसतं. त्यानं आभाळातल्या ड्रोनवरची नजर काढायची नाही आणि पक्षी आला, तार आली, वारा सुटला की कानातल्या यंत्रातून मला सांगायचं. दादा नेहमी ड्रोनच्या शेपटीकडे उभा राहायचा, कारण मागचे दिवे त्या बाजूनं नीट दिसतात. एकाची नजर पडद्यावर, दुसऱ्याची वर. पायाखाली बघणारं आमच्यात कोणी नव्हतं.

तिसऱ्या होत्या वहिनी, म्हणजे दादाची बायको. घरी संगणकावर बसून त्या फुटेज नीट करायच्या. रंग सुधारायचे, नको ते कापायचं, छताच्या तुकड्यांवर खुणा करायच्या. त्या नसत्या तर आमचं काम कोणी दुसऱ्यांदा मागितलं नसतं.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. एका शीतगृहाच्या छतावरून तो पडला. त्यानंतर आठ महिने मी ड्रोनची पेटी उघडली नाही. मग उघडली, कारण मला दुसरं काही येत नाही.

२

ड्रोनचा बिघाड आधी वहिनींना दिसला.

"भाऊजी, काल वारा होता का?" मी दारात बूट काढत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं.

"पानसुद्धा हलत नव्हतं."

"मग हे काय?"

पडद्यावर एका गोदामाचं छत होतं, सरळ वरून घेतलेलं. ड्रोन एका जागी थांबला होता. मग तो मागे सरकला, साधारण एक पाऊल. थांबला. तीनेक सेकंद गेले. पुन्हा एक पाऊल मागे. आणि मग जणू काही झालंच नाही असा स्थिर.

वाऱ्यानं ड्रोन ढकलला जातो तेव्हा तो तिरका होतो, झगडतो आणि परत जागेवर येतो. हे तसं नव्हतं. हे सावकाश होतं, कुणी सांगितल्यासारखं.

"पाचही शॉटमध्ये आहे," वहिनी म्हणाल्या. "गोदामवाल्यांचा फोन येऊन गेला. बघताना गरगरतं म्हणे. मी स्थिर करून देते, पण त्यासाठी चारही कडा थोड्या कापाव्या लागतील."

"कापा."

"आणि हा डाग?"

त्यांनी बोट ठेवलं तिथे, चित्राच्या अगदी खालच्या कडेला, गव्हाळ रंगाचा एक ठिपका होता. ड्रोनच्या शेपटीची बाजू पडद्यावर खाली येते. दुसऱ्या पावलानंतर तो ठिपका जेमतेम अर्धा आत आला होता.

"काचेवर धूळ असेल."

"काचेवरची धूळ ड्रोनबरोबर हलते, भाऊजी. हा छतावर थांबलाय." त्या क्षणभर बघत राहिल्या. "जाऊ दे. कडेलाच आहे, कापला जाईल."

कापला गेला. फुटेज झकास दिसायला लागलं आणि गोदामवाले खूश झाले.

३

ड्रोन वेडावाकडा वागायला लागला की आमच्यात आधी होकायंत्रावर खापर फोडतात. मीही फोडलं. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गेलो, घड्याळ, किल्ल्या, पट्टा सगळं लोखंड दूर ठेवलं आणि होकायंत्र नव्यानं जुळवायला ड्रोन दोन्ही हातांत धरून गोल गोल फिरलो. कुणी लांबून पाहिलं असतं तर बिचाऱ्याचं डोकं फिरलंय असंच म्हटलं असतं. चारही पंखे बदलले. पोटाखालचे सेन्सर मऊ फडक्यानं पुसले. ड्रोनला त्याची जागा सांगणारे उपग्रह मोजले, जमिनीवर एकोणीस होते, हवेत त्याहून जास्त. सॉफ्टवेअर पुसून नव्यानं भरलं.

कॅमेरा समोर रोखून उडवला की ड्रोन खुंटीला टांगल्यासारखा स्थिर. कॅमेरा खाली रोखला की एक पाऊल मागे, थांबा, एक पाऊल मागे.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याला आम्ही सगळे डॉक्टर म्हणतो, कारण पेशंट टेबलावर ठेवून तो नातेवाइकांशी तितक्याच गंभीरपणे बोलतो. दुकानामागच्या अंगणात त्यानं स्वतः ड्रोन उडवला, कॅमेरा खाली रोखून. दहा मिनिटं ड्रोन तसूभर हलला नाही. मग रिमोट माझ्या हातात दिला. दोन मिनिटांत ती दोन पावलं पडली.

डॉक्टरनं ड्रोन संगणकाला जोडला. प्रत्येक उड्डाणाची नोंद ड्रोनच्या पोटात राहते, कधी काय हुकूम मिळाला त्याच्यासकट. त्यानं एक रेघ मोठी करून दाखवली.

"ही तुमची उजवी स्टिक. इथे खाली ओढलीय, म्हणजे ड्रोन मागे. इथे सोडलीय. तीन सेकंदांनी पुन्हा ओढलीय. ड्रोन ठणठणीत आहे हो, सांगितलं तेवढंच करतोय. अंगठा तुमचा आहे."

"मी स्टिक हलवलीच नाही."

"सगळे असंच म्हणतात. भिंतीवर ड्रोन आपटून आणणारा एकही माणूस मला आजवर म्हणाला नाही की मी आपटला. भिंतच मध्ये आलेली असते." त्यानं ड्रोन पेटीत ठेवला. "घरी न्या. पथ्यपाणी काही नाही. तुम्ही जरा झोपत जा."

मी हसलो. पटण्यासारखं होतं. आठ महिन्यांचा खंड, हाताला वळण राहिलं नसेल, अंगठा आपोआप ओढला जात असेल. रस्ताभर मी स्वतःला हेच समजावत होतो. फक्त ते मधले तीन सेकंद मला खात होते. ते कुठून आले, हे मला डॉक्टरपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

४

"अंगठ्याचंच शूटिंग करू," वहिनी म्हणाल्या. त्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट सोडवत नाही. दादा म्हणायचा, हिच्या हातात सुटलेला दोरा दिला तर ही स्वेटर उसवूनच थांबेल.

सकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत मी ड्रोन वर नेला आणि कॅमेरा खाली रोखला. वहिनी शेजारी उभ्या राहून मोबाइलवर माझे हात टिपत होत्या. मी दोन्ही अंगठे स्टिकवर नुसते टेकवले होते. पापणी न हलवता मी पडद्याकडे बघत होतो आणि मोठ्यानं सांगत होतो, "हात स्थिर आहे. हात स्थिर आहे."

ड्रोन एक पाऊल मागे गेला. थांबला. पुन्हा एक पाऊल.

"बघा," मी म्हणालो. "बघितलंत ना? मी काहीच केलं नाही."

वहिनींनी मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात माझा उजवा अंगठा सावकाश खाली ओढला जात होता. सुटला. मग पुन्हा ओढला गेला. आणि त्याच वेळी माझा आवाज येत होता, हात स्थिर आहे, हात स्थिर आहे.

मी ते चार वेळा पाहिलं. अंगठा माझाच होता, नखाजवळच्या जुन्या व्रणासकट. आणि तो हलल्याचं मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "आत्ताचं, एवढ्यातलं तुम्हाला कळलं नाही. मग त्या दिवशीचं तुम्ही जे सांगता, ते तरी सगळं तसंच झालंय ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो, सकाळचं ऊन होतं, घाई कसलीच नव्हती.

"तसंच," मी म्हणालो.

५

त्या दिवशीचं मी सगळ्यांना सांगितलं ते असं. दादा वर बघता बघता आपणहून मागे सरकला, मला काही बोलायला वेळच मिळाला नाही. चौकशीवाल्यांनी शेवटचा शॉट पाहिला. ड्रोनच्या चित्रणात आवाज नसतो. चित्राच्या खालच्या कडेला दादाचा चेहरा आहे, वर बघणारा. तो एक पाऊल मागे जातो. हात वर करतो. आणखी एक पाऊल मागे जातो आणि फ्रेमबाहेर होतो. मग नुसतं छत आहे, बराच वेळ. त्या दिवशी ड्रोन जराही हलला नव्हता.

वहिनींनी तो शॉट एकदाच पाहिला. "हात का वर केला यांनी?" त्यांनी मला विचारलं होतं.

"तोल सावरायला," मी म्हणालो होतो.

तेव्हापासून वहिनी दादावर रागावलेल्या आहेत. रडल्या त्या चारच दिवस. मग त्याचे कपडे खोक्यात गेले आणि फोटो भिंतीवर आलाच नाही. पुतणी जिन्यावरून धावत उतरली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पायाखाली बघ. बापावर जाऊ नकोस." दर वेळी ते ऐकताना मी मान खाली घालून चहा प्यायचो.

खरं असं होतं. दादा फ्रेममध्ये येत होता, जेमतेम चेहऱ्याएवढा. शॉट मोकळा हवा होता. मी कानातल्या यंत्रातून म्हणालो, "दादा, फ्रेममध्ये येतोयस. मागे सर." तो एक पाऊल मागे सरला आणि हात वर करून त्यानं विचारलं, पुरे? चेहरा अजून अर्धा आत होता. तीन सेकंद मी पडद्याकडे बघत होतो, केवढा आहे ते ठरवत.

"अजून एक," मी म्हणालो.

फ्रेमबाहेर काय आहे ते मला दिसत नव्हतं. तिथे छताची कड होती, घोट्याएवढ्या उंचीची. दादा वर बघत होता, कारण त्यानं वर बघायचं हे आमचं ठरलेलं होतं. माझा अंगठा केसभर पुढे झाला असता, ड्रोन दोन पावलं पुढे गेला असता, तरी भागलं असतं. ते मी केलं नाही. का नाही केलं, याला कारणच नाही. माणसाला सरकवणं मला सोपं वाटलं.

माझ्या कानात किंकाळी आली नाही. फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज आला, काही विचारायच्या आधी माणूस ओढतो तसा.

६

एका दुपारी वहिनी पुतणीला घेऊन बाहेर गेल्या होत्या. मी त्यांच्या संगणकावर न कापलेले शॉट उघडले. वहिनी मूळ चित्रण कधी पुसत नाहीत.

चार वेगळी छतं होती. गोदामाचं, एका छापखान्याचं, दोन कारखान्यांची. चारही ठिकाणी दुसऱ्या पावलानंतर खालच्या कडेला तो गव्हाळ ठिपका होता. पत्र्यावर, डांबरावर, सिमेंटवर, सगळीकडे त्याच जागी.

मी मोठा करून पाहिला. मोठं केल्यावर चित्र फुटतं, चौकोन चौकोन दिसायला लागतात, आणि चौकोनांत माणसाला हवं ते दिसतं. हे मी गिऱ्हाइकांना कितीदा समजावलंय. टाकीचं झाकण असेल. पुठ्ठा असेल. चार छतांवर चार पुठ्ठे असायला काय हरकत आहे?

खोलीत पंखा फिरत होता आणि बाहेर कुणीतरी नळाखाली बादली ठेवली होती, तिचा आवाज भरत वर वर चढत होता. मी त्या चारांतला शेवटचा शॉट लावला. त्यात ठिपक्याशेजारी आणखी एक ठिपका होता, लहान. उघड्या तळव्याएवढा.

मी संगणक बंद केला. बादली भरून वाहायला लागली होती आणि नळ बंद करायला कोणी येत नव्हतं.

७

शीतगृहाची तपासणी दरवर्षी असते. मी नाही म्हणणार होतो. फोन वहिनींनी घेतला.

"तिथले नवीन मॅनेजर म्हणतात, स्पॉटर असल्याशिवाय वर सोडणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मी येते."

"वहिनी, नको. मी कुणालातरी बघतो."

"मला ती जागा बघायचीय, भाऊजी. एवढं काय आभाळात दिसत होतं यांना, ते बघायचंय."

भर बारा वाजता आम्ही वर गेलो. तेव्हा सावल्या पायाखाली जातात आणि तडे स्वच्छ दिसतात. छत लांबच लांब, पांढरं, तापलेलं. मी जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीत सावलीला बसलो, कारण उन्हात पडदा दिसत नाही. तिथून अर्धं छत दिसतं, उरलेलं भिंतीआड जातं. मी वहिनींना बजावलं होतं, मध्यावर उभ्या राहा, कडेपासून लांब. त्या मान डोलावून भिंतीआड गेल्या.

ड्रोन चढवला. कॅमेरा खाली रोखला. पांढरं छत, मध्ये एक लांब तडा, आणि खालच्या कडेला वहिनींचा चेहरा, वर बघणारा. त्या शेपटीकडे जाऊन उभ्या होत्या. ड्रोनचे मागचे दिवे नीट दिसावेत म्हणून त्या थोडं थोडं करत कुठवर मागे गेल्या होत्या, ते मला पडद्यावर कळत नव्हतं.

कानात त्यांचा आवाज आला. "भाऊजी, मी फ्रेममध्ये येतेय का? मागे सरू?"

सांगायला लाज वाटते, पण "हं" माझ्या जिभेवर आलं होतं. शॉट मोकळा हवा होता.

तेवढ्यात अंगठा ओढला गेला. या वेळी मला कळलं. दुखलं नाही, जोरही लागला नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना दादा माझं बोट धरायचा, तेवढाच जोर होता. ड्रोन एक पाऊल मागे गेला. वहिनी पूर्ण फ्रेममध्ये आल्या. ड्रोन थांबला.

तीन सेकंद.

दुसरं पाऊल. फ्रेमच्या तळाशी छताची कड आली. ती वहिनींच्या टाचांपासून हातभर लांब होती. आणि कडेवर, वहिनींच्या मागे, आणखी एक चेहरा वर बघत होता. शेजारी उघडा तळवा होता.

कसा होता, ते मी लिहिणार नाही. तो रागावलेला नव्हता एवढंच सांगतो. रागावलेला असता तर मला सोपं गेलं असतं. तो वाट बघत होता. त्यानं एक प्रश्न विचारला होता आणि वर्षभर उत्तराची वाट बघत मान वर करून तसाच उभा होता.

"पुरे," मी म्हणालो. "पुरे, दादा. पुरे."

"काय म्हणालात?" कानात वहिनी.

"वहिनी, हलू नका. एक पाऊलही मागे टाकू नका. मी काय सांगतो ते ऐका. दादा आपणहून मागे गेला नव्हता. मी सांगितलं होतं मागे सर. तोल सावरायला हात वर केला नव्हता त्यानं. पुरे का, असं विचारत होता. आणि मी म्हणालो, अजून एक."

पडद्यावर वहिनींचा चेहरा तसाच वर बघत राहिला. कानात फक्त ड्रोनच्या पंख्यांची घरघर होती. मग त्यांनी मान खाली घातली आणि चेहरा गेला. उरला केसांतला भांग आणि दोन खांदे.

त्यांच्या मागेही एक टाळू होती आणि दोन खांदे. पायाखाली बघणारी. मग नुसती कड होती, ऊन होतं.

८

वहिनी चालत जिन्यापर्यंत आल्या, दर पावलाला खाली बघत. माझ्यासमोरून त्या खाली उतरल्या. परतीच्या वाटेवर गाडीत त्या मागच्या सीटवर बसल्या.

संध्याकाळी त्यांनी दुपारच्या शॉटची प्रत मागितली. मी पेटीतून ड्रोनचं मेमरी कार्ड काढून दिलं. त्यांनी तो शॉट माझ्यादेखत पाहिला, कड न कापता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यात वहिनी आहेत, छताची कड आहे, आणि कडेवर काही नाही. गव्हाळ ठिपकासुद्धा नाही.

मग त्या उठल्या आणि खोक्यातून दादाचा फोटो काढून पदरानं पुसायला लागल्या. मी हातोडी शोधायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या. मी ठोकते खिळा."

दारात मी बूट घालत असताना त्या पाठमोऱ्याच बोलल्या. "वर्षभर मी त्यांच्याशी भांडले, भाऊजी. रोज. ते ऐकून घेत होते."

मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण खिळा ठोकल्याचा आवाज सुरू झाला. त्यानंतर त्यांनी मला घरी बोलावलेलं नाही. पुतणी कधी रस्त्यात दिसते. लांबून हात करते आणि धावत सुटते. तिला आता मागून कोणी ओरडत नाही.

फुटेज मीच कसंबसं नीट करतो. ड्रोन एका जागी स्थिर थांबतो, डॉक्टरनं परवा नोंद बघून शाबासकी दिली. गिऱ्हाइकांची तक्रार नाही. मी कानातलं यंत्र मात्र अजून लावतो, पलीकडे कोणी नसलं तरी.

प्रत्येक छतावर, काम संपलं की मी कॅमेरा खाली रोखतो आणि ड्रोन एक पाऊल मागे घेतो. आता तो अंगठा खरोखर माझा असतो, मला जाणवतो. तीन सेकंद थांबतो. खालच्या कडेला बघतो. कोणी नसतं.

"पुरे," मी म्हणतो. आणि दुसरं पाऊल घेत नाही.